बुरूड आळीच्या चालत्या खोल्या

गळ्याची शप्पथ घेऊन सांगतो, खाली लिहिलंय त्यातला शब्दन् शब्द खरा आहे. मी नगरपालिकेच्या बांधकाम खात्यात कारकून. सगळं माझ्या टेबलासमोर घडलेलं.

आता माझी बायको म्हणते, "तुमचं टेबल जिन्याखाली, समोर भिंत. तुमच्या समोर काय डोंबल घडणार?"

तेही खरंच. तेव्हा दुरुस्ती करतो. बरंचसं खरं आहे, थोडं ऐकीव आहे, आणि एक तुकडा माझ्या घरचा आहे. तो कोणता, हे आत्ताच सांगितलं तर तुम्ही बाकीचं वाचायचे नाहीत.

किस्से आमच्या खात्यात आपोआप साचतात. बांधकामाला सिमेंट लागतं, सिमेंटला परमिट लागतं, परमिटला नगरला खेटे घालावे लागतात. किस्स्याला यातलं काहीच लागत नाही. त्यामुळं गेल्या दोन-चार वर्षांत आमच्या खात्यानं घरं उभी केली नाहीत, पण किस्से मात्र मजल्यावर मजले चढवले! कचेरी सुटली की स्टँडसमोरच्या टपरीवर आम्ही तिघं बसायचो. ओव्हरसियर दिघेसाहेब, शिपाई रहिमानभाई आणि मी. दिघेसाहेबांना दमा. हसायला लागले की खोकायचे, खोकायला लागले की पुन्हा हसायचे. बघणाऱ्याला वाटावं, काय सुखी माणसं आहेत!

* * *

सुरुवात झाली ती आमच्या अध्यक्षसाहेबांच्या पुण्याच्या फेरीपासून. साहेब पुण्याला भाचीच्या लग्नाला गेले आणि शॉपिंग सेंटर बघून आले. एखाद्याच्या अंगात देवी यावी तसं ते शॉपिंग सेंटर साहेबांच्या अंगात आलं.

"आपल्या गावाच्या काळजाला नवं रूप द्यायचं!" साहेब मीटिंगमध्ये म्हणाले.

गावाचं काळीज म्हणजे पेठ, आणि पेठेच्या मधोमध बुरूड आळी. बांबूच्या कामट्या काढायच्या, सुपं-टोपल्या-दुरड्या विणायच्या आणि दारातच मांडून विकायच्या. बाजारच्या दिवशी राहात्यापासून पुणतांब्यापर्यंतची कुणबी मंडळी तिथूनच टोपल्या न्यायची. आळीला धंदा होता तो जागेमुळं. जागा गेली की धंदा गेला, एवढा सरळ हिशोब.

ठेका मिळाला आण्णांना. आण्णा म्हणजे पांढरी टोपी, पांढरं धोतर आणि तोंडात कायम "आपलंच काम हाय". करार साधा होता. आळी पाडायची. तिथं खाली दुकानं, ती आण्णांनी विकायची. त्या बदल्यात वरच्या मजल्यावर आळीतल्या लोकांना खोल्या बांधून द्यायच्या, गरिबाला झेपेल अशा भाड्याच्या.

लोक हलेनात. मग अध्यक्षसाहेबांनी साळूबाईला गाठलं. साळूबाई एकटी बाई, नवरा कधीच गेलेला, पण आळीत शब्द तिचा. साहेबांनी चारचौघांत तिच्या गळ्यात हार घातला. "साळूबाई, दिवाळीचा दिवा नव्या खोलीत लावायचा!"

बाई उठली, तशी आळी उठली. सगळ्यांना बैलबाजाराच्या मैदानात पत्र्याच्या शेडा मिळाल्या. तात्पुरत्या!

कोणती दिवाळी, ते साहेबांनी सांगितलं नव्हतं. बाईनं विचारलं नव्हतं. हार घातल्यावर असं कोण विचारतं?

* * *

आण्णांनी एक मॉडेल करून आणलं. गणपतीची आरास करणाऱ्या एका ड्रॉइंगमास्तरांकडून करून घेतलेलं. खाली दुकानं, वर खोल्या, खोल्यांपुढं गॅलरी, गॅलरीत दोरी आणि दोरीवर बोटाएवढी लुगडी वाळत घातलेली! अध्यक्षांच्या केबिनबाहेर ते काचेशिवाय ठेवलं होतं. काच यायची होती.

साळूबाई दर बाजारच्या दिवशी यायची. मॉडेलपुढं उभी राहायची. वरच्या मजल्यावरच्या कोपऱ्यातल्या खोलीवर बोट ठेवायची आणि रहिमानभाईला म्हणायची, "ही माझी बरं का भाईसाब. हितनं समदी पेठ दिसंल."

"दिसंल की. मलाबी हाक मारा मग वरनं," रहिमानभाई म्हणायचे.

एका सोमवारी कचेरी उघडली तर वरचा मजला गायब! गॅलरी नाही, लुगडी नाहीत. पुठ्ठ्याचा भुगा तेवढा पडलेला. उंदरांनी रविवार साजरा केला होता.

दिघेसाहेबांनी चष्मा पुसून पाहणी केली. खालची दुकानं प्लायवूडची, खिळे ठोकून पक्की. वरच्या खोल्या पुठ्ठ्याच्या, खळीनं चिकटवलेल्या.

रहिमानभाई म्हणाले, "साहेब, टेंडर न वाचता उंदराला कळलं!"

* * *

मग खोल्या चालायला लागल्या. हो, चालायला! मी माझ्या डोळ्यांनी पाहिल्यात.

पहिल्या मीटिंगला कळलं की वरच्या मजल्याला एक बँक यायला तयार आहे. गावात बँक येतेय म्हटल्यावर नाही कोण म्हणणार? खोल्या वरून खाली उतरल्या आणि शॉपिंग सेंटरच्या मागच्या अंगाला गेल्या. पुढच्या मीटिंगला कळलं, मागच्या अंगाला ट्रक वळायला जागा पाहिजे. खोल्या उठल्या, वेशीबाहेर गेल्या. त्याच्या पुढच्या मीटिंगला वेशीबाहेरच्या जागेला कुणाचा तरी भाऊबंद निघाला. खोल्या पुन्हा उठल्या आणि थेट बैलबाजाराच्या मैदानात जाऊन बसल्या, पत्र्याच्या शेडांसमोर.

दर वेळी आण्णा हात जोडून म्हणायचे, "खोल्या रद्द न्हाईत बरं का! फक्त जागा बदललीय. आपलंच काम हाय."

रहिमानभाई चहाचे कप उचलता उचलता माझ्या कानात म्हणाले, "भाऊसाहेब, आणखी दोन मीटिंगा झाल्या तर खोल्या मनमाड गाठतील!"

साळूबाईला ही बातमी द्यायचं काम माझ्याकडं आलं. कचेरीतली वाईट बातमी नेहमी जिन्याखालच्या माणसाकडं येते. ती कामट्या तासत बसली होती. ऐकून घेतलं. मग म्हणाली, "पेठ गेली म्हना की."

"जागा बदललीय फक्त," मी म्हणालो. दुसऱ्याचं वाक्य तोंडात घोळवायची सवय कारकुनाला लागतेच.

"हितं टोपली कोन घेनार, भाऊसाहेब? बैलं?"

* * *

पुढं दुष्काळ आला. निम्मा तालुका खडी फोडत होता आणि सरकारी सुकडीच्या पिठावर दिवस काढत होता. आण्णांना मात्र दुष्काळ मानवला. त्यांना कारण मिळालं.

मीटिंगमध्ये ते टोपी काढून उभे राहिले. "पिन्याला पानी न्हाई, आन् मी शिमिटात पानी वतू? पाप लागंल मला!"

सगळ्या सभासदांनी माना हलवल्या. एकाच्या तर डोळ्यांत पाणी आलं. तेवढंच काय ते पाणी.

दिघेसाहेब टपरीवर आल्यावर म्हणाले, "मग दुकानांचा स्लॅब यांनी थुंकीनं कालवला का हो?" मीटिंगमध्ये म्हणाले नाहीत. मीटिंगमध्ये त्यांना दमा होता.

कारण दुकानं तर झाली होती! उद्घाटन ठरलं. आणि अध्यक्षसाहेबांनी पुण्याला पाहिलं होतं म्हणून शॉपिंग सेंटरपुढं एक कारंजं. ते भरायला पुणतांब्याकडच्या डोहातून टँकर आणला. सकाळी हौद भरला, तेव्हा काठोकाठ होता. मी हात बुडवून बघितला, खोटं कशाला सांगू?

पाहुणे आले उन्हं चढल्यावर. भाषणं झाली. टाळ्या झाल्या. पाहुण्यांनी बटण दाबलं. पंप घुरघुरला. कारंज्यानं दिघेसाहेबांसारखं दोनदा खोकून घेतलं आणि गप्प बसलं. हौदात बघतात तर तळाचा चिखल!

"काय झालं?" पाहुणे म्हणाले.

गर्दीतून साळूबाई पुढं आली. कडेवर हंडा, डोक्यावर हंडा, मागं आळीतल्या बायांची रांग, प्रत्येकीचा हंडा भरलेला. आण्णांपुढं उभी राहून मोठ्यानं म्हणाली, "आन्ना, काढा आता खोल्यांचं काम. पानी मी आनलंय!"

* * *

हे प्रकरण अंगाशी आलं. बोभाटा नगरपर्यंत गेला. तेव्हा आण्णांनी खोल्यांची आखणी करून दाखवायचं कबूल केलं. मैदानात फक्कीनं चौकोन मारले. पांढरेशुभ्र, ओळीनं. लांबून वाटावं, पोरांचा आट्यापाट्याचा डाव मांडलाय.

आम्ही सगळे बघायला गेलो. साळूबाईनं एक चौकोन निरखला आणि सरळ त्यात जाऊन आडवी झाली. बाई काही उंच नाही. तरी पाय घोट्यापासून बाहेर!

दिघेसाहेब म्हणाले, "आण्णा, बाईंचे पाय बाहेर येतायत."

आण्णांनी चारी बाजूंनी फिरून बघितलं. "तिरकी निजली तर मावंल की!"

बाईनं पडल्या पडल्या विचारलं, "आन् चूल कुठं मांडू?"

"चूल बाहेर. हवा लागती चुलीला."

"मंग मीच बाहेर निजते की. चूल आत ऱ्हाऊ दे!"

आम्ही पोट धरून हसलो. आण्णाही हसले. अध्यक्षसाहेब हसले. हसता हसता सगळे जीपमध्ये बसून निघालो. मागं वळून बघितलं तर बाई उठून लुगड्याला लागलेली फक्की झटकत होती. त्या झटकण्यात तिच्या खोलीची एक बाजू पुसली गेली.

* * *

आता हे जरा नीट समजून घ्या. आमच्याकडं घराचं काम कुठवर आलं हे चौकटीवरून ओळखतात. दाराची चौकट उभी राहिली, म्हणजे घर लागलं. कारण कुठलाही शहाणा माणूस चौकट उभी करतो आणि लगोलग तिच्या दोन्ही अंगांनी भिंत उचलतो. नुसती चौकट कोण उभी करील? त्यामुळं नगरहून हुकूम आला, तो असा: "खोल्यांच्या चौकटी बसल्याशिवाय दुकानांचा ताबा देऊ नये."

हुकूम लिहिणारा शहाणा असावा. पण आण्णा त्याहून शहाणे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मैदानात चौकटींची रांग! सागवानी, पॉलिश मारलेल्या. खाली उंबरा, दोन्ही बाजूंनी बल्ल्यांचा टेका. पाया नाही, भिंत नाही, छप्पर नाही. एक शेळी पहिल्या दारानं आत गेली आणि बाजूनं बाहेर आली. आपण आत गेलो होतो की नाही, हेच तिला कळेना. ती परत गेली.

अध्यक्षसाहेबांनी दिघेसाहेबांना विचारलं, "बसल्या का चौकटी?"

"बसल्यात."

"मग तसं लिहा."

दिघेसाहेबांनी लिहिलं. टपरीवर त्यांनी चहा निवेपर्यंत बशीत फिरवला. शेवटी म्हणाले, "खोटं काय लिहिलं? भिंतीचं मला कुणी विचारलंच नाही."

दुकानांचा ताबा त्याच आठवड्यात मिळाला.

* * *

चौकट बसली की घरधनी तिची पूजा करतो. हळद-कुंकू, नारळ, आंब्याचा डहाळा, आणि सुताराला टॉवेल-टोपी. इथं घरधनी कोण? आण्णा तर फिरकलेच नाहीत. धोंडू सुतार हत्यारं गोळा करून निघाला होता, तेवढ्यात साळूबाई ताट घेऊन आली. एका चौकटीच्या उंबऱ्याला हळद-कुंकू वाहिलं, नारळ फोडला. टॉवेल-टोपी कुठली आणणार? तिनं स्वतः विणलेलं नवंकोरं सूप धोंडूच्या हातात ठेवलं.

"कारागिराचा मान," म्हणाली.

धोंडूनं ते सूप डोक्याला लावलं.

ताबा मिळाल्यावर आण्णांनी धोंडूला परत पाठवलं. चौकटी उपटून आणायच्या होत्या. त्या त्यांच्या नव्या लॉजला लागणार होत्या. धोंडूनं रांग उपटली. एक सोडून.

"ती का ठेवली?"

"पूजल्याली हाय, आन्ना. मान घेतलाय मी तिचा. पूजल्याला उंबरा उपटायचा म्हंजी वसतं घर मोडायचं."

"घर कुठाय तिथं, अक्करमाशा?"

"ते मला न्हाई ठावं. उंबरा हाय."

आण्णांनी दुसरा सुतार बोलावला. त्यानं हळद बघितली आणि आपली पहार जड झाल्याचं सांगितलं. तिसरा तर आलाच नाही. मग आण्णा स्वतः धोतर खोचून आले. हातात पहार. मैदानात ही गर्दी!

साळूबाई रागावली नाही, रडली नाही. पदराचा एक कोना पाण्यात भिजवून आण्णांपुढं धरला. म्हणाली, "काडा की. पर आदी उंबऱ्यावरचं कुकू तुमच्या हातानं पुसा. मंग खुशाल न्या."

आण्णांनी पदराकडं बघितलं. उंबऱ्याकडं बघितलं. गर्दीत त्यांच्या सौभाग्यवतीही आलेल्या होत्या, डोक्यावर पदर घेऊन. त्यांच्याकडं बघितलं.

पहार खांद्यावर टाकली आणि म्हणाले, "ऱ्हाऊ दे. एकच तर हाय. आपलंच काम हाय!"

* * *

पुढच्या सभेत खोल्यांचा विषय तूर्त तहकूब झाला. आमच्याकडं 'तूर्त' म्हणजे काय, हे तुम्हांला सांगायला नको. आळीतली काही माणसं ऊस तोडायला गेली, काहींनी शेडांचे पत्रे गंजतील तसे बदलून तिथंच मुक्काम टाकला. साळूबाई रात्री शेडमध्ये निजायची, पण दिवसा चूल आणि कामट्या घेऊन त्या एकट्या चौकटीमागं बसायची. पुढं सडा, रांगोळी. येणाऱ्यानं दारातूनच यायचं, असा दंडक. बाजूनं आलेल्या माणसाशी ती बोलायचीच नाही.

अशात एक दिवस नगरहून मोठे साहेब तपासणीला आले. सूट, टाय, हातात हॅट. जीप थांबली. साहेब लांब ढांगा टाकत मोकळ्या बाजूनं निघाले.

"साहेब!" बाईनं हाक मारली. "दार हिकडं हाय."

साहेब थबकले. चहूकडं बघितलं. मग वळसा घालून चौकटीपुढं आले. चौकट ठेंगणी. साहेब उंच. त्यांनी बूट काढले, मान लववली, उंबरा ओलांडला आणि आत आले. वर उघडं आभाळ, ऊन मी म्हणतंय. बाईनं तरट झटकून टाकलं. साहेब बसले. तिनं गुळाचा चहा दिला, बिनदुधाचा. साहेबांनी बशीत ओतून प्यायला.

मग त्यांनी घसा साफ केला. "बाई, नगरपालिकेनं दिलेलं घर कुठं आहे?"

"आता घ्या!" बाई म्हणाली. "तुमी घरातच बसलाय की साहेब. भिती आनाया आन्ना गेल्यात. येत्याल इतक्यात."

साहेबांनी बशी खाली ठेवली. उठले. पुन्हा मान लववून त्याच दारातून बाहेर पडले.

आता माझ्या घरचा तुकडा कोणता, ते सांगून टाकतो. नगरहून साहेब आलेच नाहीत. ना सूट, ना हॅट, ना जीप. तपासणीला कुणीच आलं नाही, आजतागायत. बाई वाट बघायची म्हणून मी एक साहेब बनवला आणि तिच्या तरटावर नेऊन बसवला. चहा मात्र खरा आहे. बोलणंही खरं आहे. तरटावर दिघेसाहेब आणि मी होतो.

उठलो. मी आधी बाहेर पडलो. दिघेसाहेबांना वाकताना धाप लागली, म्हणून ते चौकटीला धरून जरा थांबले. उंबरा ओलांडला, पायांत चपला सरकवल्या आणि मागं न बघता म्हणाले,

"साळूबाई, दार लोटून घ्या."